वीराची तिथी

माझ्या थोरल्या मुलीचं, अलकाचं लग्न झालं ते साल चौऱ्याऐंशी. मांडव उतरून चार दिवस झाले होते. अंगणात अजून अक्षता सापडायच्या आणि कोंबड्या त्या वेचत हिंडायच्या. अशा एका सकाळी काकीनं मला गोठ्यात हाक मारली.

काकी म्हणजे माझ्या बापाची चुलती, ठकूबाई. बाप काकी म्हणायचा म्हणून आम्हीही काकीच म्हणत आलो. त्र्याऐंशी वर्षांची बाई. कपाळ मोकळं, हात मोकळे, कंबर दातेरी विळ्यासारखी वाकलेली, पण कान तिखट. तिचा नवरा गेणूजी उगले हा माझ्या आज्याचा, हैबतीचा धाकटा भाऊ. पहिल्या जर्मन लढाईत तो पलटणीतून बसऱ्याला गेला आणि तिकडेच लढता लढता पडला, असं मी पाळण्यात असल्यापासून ऐकत आलो होतो. त्याच्या नावाचा चांदीचा टाक आमच्या देव्हाऱ्यात होता. टाकावर घोडा, घोड्यावर तलवार धरलेला स्वार. गेणूआजा जन्मात घोड्यावर बसला नव्हता, पण सोनाराकडे वीराचा साचा एकच.

आमच्याकडे धुळवडीला वीर निघतात. ज्या घरात कोणी लढाईत पडलेला असेल, त्या घरानं त्याचा टाक खोबऱ्याच्या वाटीत ठेवायचा, हळद वाहायची, वाजतगाजत नाचवत नदीवर न्यायचा आणि न्हाऊ घालायचा. बायका घरी पुरण घालतात, नदीवर पुरुषच जातात. बाकीच्या घरांचे वीर शे-दोनशे वर्षांपूर्वीचे, कोणाला नावही धड माहीत नसलेले. आमचा वीर सरकारी लढाईतला, म्हणून पहिला मान आमचा. आमचा टाक पाण्यात बुडाल्याशिवाय दुसऱ्या कोणाचा बुडत नसे. वीस वर्षं तो टाक मी नाचवला होता आणि त्याच्या अंगावरून निथळलेलं हळदीचं पाणी तीर्थ म्हणून प्यालो होतो.

गोठ्यात काकी गव्हाणीला टेकून उभी होती. वर बोट करून म्हणाली, "पुंजा, तो तिसरा वासा बघ. पोकळ हे. त्याच्या तोंडातला बोळा काढ."

"काय ठेवलंय, काकी? दागिनं का काय?"

"काढ तर."

मी गव्हाणीवर चढलो, बोळा उपसला. आत बोट घातलं तर वळकटी लागली. मेणकापडात गुंडाळलेला कागद. खाली उतरून उलगडला. एका अंगाचा कोपरा नव्हता.

"काकी, हे तर..."

"हा, तेच. त्यांचं पत्र."

मरणाचं पत्र कोपरा फाडून पाठवायची रीत तेव्हा सगळीकडे होती. अक्षर न येणाऱ्या माणसालाही कोपरा वाचता यायचा. पोस्टमन असं पत्र हातात देत नसे, कुडाबाहेरून टाकून जाई. ते घरात न्यायचं नाही, अंगणातच रडायचं, अंघोळी करायच्या आणि कागद नदीत सोडायचा. सतरा साली असं पत्र आमच्या अंगणात पडलं. हैबती आज्यानं कोपरा पाहिला आणि धाय मोकलली. वाचलं कोणी नाही. वाचणारा माणूस होता दोन कोसांवर, आणि फाटक्या कोपऱ्यात वाचण्यासारखं असतं काय? पिठाचा पुतळा करून जाळला, दहावा केला. काकी तेव्हा सोळा वर्षांची. पत्र नदीत सोडायला तिच्याच हातात दिलं होतं. तिनं सोडलं नाही.

"घरात नेता येत नव्हतं, म्हणून गोठ्यात ठेवलं," ती म्हणाली. "सदुसष्ट वर्षं झाली. घरातल्या पुरुषाला अक्षर नव्हतं. परक्याला दाखवायची लाज. पोरी शिकल्या, पण लेकीबाळीला कसं वाचायला द्यायचं असलं पत्र? आता तुला येतंय."

"थोडं थोडं येतं, काकी."

"थोडंच पायजे. त्यांची तिथी तेवढी वाच. पत्र आलं तीच तिथी धरून मी पान वाढत आले. पण पत्र काय त्याच दिवशी येतं व्हय? बसऱ्याहून यायला म्हयना लागला आसंल, दोन लागले आसतील. भलत्याच दिवशी जेवायला वाढलं तर माणूस येईल कसा?"

हे तिला सदुसष्ट वर्षं टोचत होतं आणि घरात कोणाला पत्ता नव्हता.

मी कालव्याच्या कामावर पाट्या उचलत पिकलेला माणूस. चव्वेचाळिसाव्या वर्षी प्रौढांच्या वर्गात जाऊन बसलो. वाचायला आलं, पण मोठ्यानं. ओठ हलवल्याशिवाय आणि आवाज काढल्याशिवाय मला एक शब्द लागत नसे. बाई म्हणायच्या, "पुंजाबाबा, मनातल्या मनात वाचा." मी म्हणायचो, "बाई, माझं मन अजून वर्गात आलेलं नाही." सगळे हसायचे. त्या दिवशी मला मनात वाचता आलं असतं, तर पुढं काय झालं असतं कोण जाणे.

जांभळ्या पेन्सिलीनं लिहिलेलं, बाळबोध, कोणा शिकलेल्या सोबत्यानं लिहून दिलेलं असणार. मी बोट ठेवून सुरू केलं.

"ती-र्थ-रूप दादा यांस गे-णू-चा सा-ष्टां-ग नमस्कार. वि. वि." तिथं मी अडकलो. "वि वि काय ते कळंना."

"जाऊ दे. पुढं."

"मी ये-थे खु... खुशा..."

"खुशाल," काकी म्हणाली.

मी बोटाखालचं अक्षर पुन्हा पाहिलं. खुशालच होतं.

"वाच. थांबू नको."

"मी येथे खुशाल आहे. पायाला गोळी लागली होती, ती काढली. इ-स्पि-तळात आहे. पत्राचा कोपरा उं-द-राने खाल्ला आहे. दुसरा कागद मिळत नाही. तरी वाईट मा-नू-न घेऊ नये. घरच्या माणसांची काळजी घ्यावी. मी येईन."

काकीनं वाकून कागदावर बोट ठेवलं.

"परत वाच," काकी म्हणाली. मी वाचलं. "अजून एकदा." तिसऱ्यांदा वाचलं. आता अडखळलो नाही.

"घरची माणसं म्हंजे मी," ती म्हणाली. "थोरल्या भावाला बायकोचं नाव कसं लिहितील? तसंच लिहायचे सगळे." मग ती गव्हाणीच्या कडेवर बसली. "उंदरानं माझं कुंकू खाल्लं, पुंजा."

मी कागदाची घडी करायला लागलो, तसा तिनं माझा हात धरला.

"मग तिथी?"

"तिथी नाही यात, काकी. माणूस जिवंत हे यात."

"ते कळलं मला. मग गेले कधी? येईन म्हणले आन् आले नाहीत, म्हंजे नंतर गेले आसतील. कधी ते काढ. आता माझे दिवस किती राहिलेत? एकदा तरी बरोबर दिवशी वाढू दे."

आबा, म्हणजे माझा बाप तुळशीराम, निंबाखाली चऱ्हाट वळत बसला होता. सत्तरीचा माणूस, गालात कायम तंबाखू. मी समोर उकिडवा बसलो आणि पत्रात काय निघालं ते सांगितलं. मला वाटलं होतं, तो चऱ्हाट टाकून उठेल. तो वळतच राहिला.

"कोणतं पत्र? ते नदीत सोडलं व्हतं."

"काकीनं ठेवलं व्हतं."

"बायकांचं असं असतं," म्हणून त्यानं बाजूला पिंक टाकली. "फाडून टाक."

"आबा, गेणूआजा बसऱ्याला मेला नाही त्या वेळी."

"बरं."

"बरं काय? मी नाशिकला सोल्जर बोर्डात अर्ज लावतो. माझ्या हातानं लिहितो. कधी मेला, कुठं मेला, ते सरकारात आसंल."

चऱ्हाट थांबलं. "अर्ज करू नको."

"का?"

"सांगतो ना, करू नको. कागद फिरला की गावात फिरतो. आपला मान जाईल."

"कसला मान?"

"धुळवडीचा."

त्यानं इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "तो आला व्हता."

"कोण?"

"गेणूकाका. लढाई संपली, त्याच्यानंतर दीडेक वर्षानं. धुळवडीच्याच दिवशी. मी सहा वर्षांचा आसंन, बापाच्या खांद्यावर व्हतो. सगळं गाव नदीवर. आपला टाक पाण्यात बुडवायचा चालला व्हता. पलीकडच्या वाटेनं एक माणूस लंगडत आला, खाकी सदरा, खांद्याला वळकटी. पाण्यात उतरून अलीकडं आला आन् पुढच्याच माणसाला इचारलं, वीर कोणाचा? त्यो म्हणला, गेणू उगल्याचा."

आबा हसला. खरंच हसला. तंबाखूची लाळ दाढीच्या खुंटांवर आली, ती त्यानं मनगटानं पुसली. एवढ्या वर्षांत त्याला ती गंमत वाटत आली होती.

"मग?"

"मग काय. वाजंत्री थांबली. सगळ्यांनी वळखलं. माझा बाप तर पांढरा पडला. भगत म्हणला, याचा पुतळा जळलाय, दहावा झालाय, टाक बसलाय. हा आता उंबऱ्याच्या आत आला तर घर बसंल. जाणती माणसं व्हती, ती म्हणली, खरंय."

"आन् आज्यानं?"

"बापानं त्याला बाजूला घेतलं. म्हणला, गेणू, आमच्याकडून चूक झाली, पण आता देवाचं झालं. तीन धुळवडी वीर नाचला. मान मिळाला. आता तू परत आलास म्हणून काय टाक वितळवायचा?"

"असं म्हणला? सख्ख्या भावाला?"

"मग काय करायचं व्हतं? तूच सांग."

त्याचा आवाज इतका सरळ होता, की जणू बैल बदलला एवढीच गोष्ट होती.

"तो म्हणला, बायकोला घेतो आन् जातो. मला जमीन नको, मान नको. तेव्हा बाप म्हणला, ती कुठं हे? ती पाट लावून गेली."

"काकी?"

"हा."

"काकी तर घरात व्हती."

"घरातच व्हती. पुरण वाटत आसंल. पण तिला पाठवली आसती तर ती सांगत सुटली आसती ना, का नवरा जिता हे? मग वीर कसला राहतो?" आबानं तंबाखूची गोळी एका गालातून दुसऱ्या गालात नेली. "तो सगळ्यांकडं बघायला लागला. येकेकाच्या तोंडाकडं. कोणी बोललं नाही. बाप एवढंच म्हणला, लांब दिली, नगराकडं. मग त्यानं तोंड धुतलं. माझ्या बापानंच त्याला निवदाची पोळी दिली, म्हणला, उपाशी जाऊ नको. तितंच बसून खाल्ली त्यानं आन् गेला."

निवदाची, म्हणजे वीराला दाखवलेली. त्याची त्यालाच. आणि माझी आजी साथीत गेलेली, म्हणजे आमच्या घरात पुरणाच्या पोळ्या लाटणारे हात तेव्हा एकाच बाईचे होते.

मी उठून कुडाजवळ गेलो आणि ओकलो. आबा मागून म्हणाला, "ऊन लागलं का? टोपी घालीत जा."

परत आलो तेव्हा तो पुन्हा चऱ्हाट वळत होता. मी उभ्यानंच विचारलं, "मग मेला कधी?"

"ते काय करायचंय?"

"आबा, मेला कधी?"

"कोपरगावला धर्मशाळा हे, तितं झाडलोट करायचा. पंचवीस-सव्वीस वर्षं. मेला तेव्हा तिथल्या माणसानं कार्ड पाठवलं. यावेळी कोपरा माणसानंच फाडला व्हता." पुन्हा तेच हसू. "मी पांगरीच्या मास्तरकडून वाचून घेतलं. बापानं आन् मी मळ्यातल्या विहिरीवर अंघोळ केली. सुतक नाही धरलं. येका माणसाचं दोनदा कसं धरायचं?"

"काकीच्या डोळ्यादेखत तुम्ही दोघं घरी येऊन जेवलात?"

"तिनंच वाढलं," तो म्हणाला.

तिथी त्याच्या लक्षात होती. ती सांगताना त्याला बोटं मोजावी लागली नाहीत.

घरात येऊन मी राखेनं तोंड घासलं. दोनदा घासलं. वीस वर्षांचं तीर्थ काही राखेनं निघत नाही. देव्हाऱ्यात तो टाक हळदीनं माखून बसला होता आणि हळदीचा वास मला त्या दिवसापासून नकोसा झाला, तो आजतागायत. लग्नाघरी जेवायला बसलो तरी नाक धरावंसं वाटतं. घरच्यांना वाटतं, म्हाताऱ्याचं पोट बिघडलंय.

काकीला सांगायचं की नाही, यावर मी दुपारभर गोठ्याच्या दाराशी घुटमळलो. नुसती तिथी सांगून मोकळं होता आलं असतं. पण ती म्हणाली, "दारात काय उभा? कळलं ना? ये." मग मी आत गेलो आणि सांगितलं. मला गोष्ट वळवून सांगता येत नाही, वाचतो तशीच सांगतो, एकामागून एक. ती म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. संपल्यावर तिनं एकच विचारलं.

"मी मेले असं सांगितलं त्यांना, का पाट लावून गेले असं?"

मी गव्हाणीतला कडबा सारायला लागलो.

"बोल ना रे."

"पाट लावून, काकी."

"मेले म्हणले आसते तर काय गेलं आसतं त्यांचं? साथीत किती बाया मेल्या व्हत्या." म्हशीच्या पाठीवरचा हात थांबला. "म्हंजे ते मला शिव्या देत मेले."

"तसं नसंल, काकी."

"तू नव्हतास तितं. सव्वीस वर्षं लोकांच्या पथाऱ्या झाडताना माणसाच्या मनात काय येतं? येईन म्हणून लिहिलं व्हतं त्यांनी. आन् मी दोन वर्षंबी थांबले नाही, हेच घेऊन गेले."

"आपण कोपरगावला जाऊ. एष्टीनं तासाभराचं काम. धर्मशाळा हे अजून."

"तितं जाऊन काय करू? मी पाट लावला नव्हता असं भिंतीला सांगू?"

पोळीची गोष्ट तेवढी मी तिला सांगितली नाही. ती एकच मी गाळली.

त्या दिवसापासून काकीनं आबाच्या हातचं पाणी घेतलं नाही आणि त्याच्याशी शब्द बोलली नाही. तो बसला असेल तिथून ती वाटेतली चिंधी चुकवावी तशी बाजूनं जायची. आबा मला म्हणायचा, "तुझं अक्षर घरात आलं आन् घर नासलं." त्याच्या पंगतीला बसणं मलाही जमेना. आम्ही नवराबायकोनं चूल वेगळी मांडली आणि काकी आमच्यात आली. मार्गशीर्षात तिनं बरोबर तिथीला पान वाढलं. खिरीत वेलदोडा घातला, म्हणाली, त्यांना आवडायचा का नाही ते माहीत नाही, दोन वर्षांच्या संसारात इचारायचं राहिलं.

मग धुळवड आली. मी टाकाला हात लावणार नाही म्हटल्यावर आबा स्वतः उठला. सत्तर वर्षांचा माणूस, धोतर खोचून, खोबऱ्याची वाटी दोन्ही हातांत धरून वाजंत्रीपुढं नाचत निघाला. मी मागोमाग नदीवर गेलो. तो पाण्यात उतरला, तेव्हा मी वाजंत्री थांबवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "हा वीर लढाईत पडलेला नाही. गेणूजी उगले जिता परत आला व्हता. याच पाण्यात उभा राहिला व्हता. कोपरगावच्या धर्मशाळेत झाडू मारत म्हातारा होऊन मेला."

मला वाटलं, गलका होईल. कोणी टाक हिसकावून घेईल, कोणी मला मारायला धावेल.

सोपान गुरव माझ्याच वयाचा. तो जवळ आला आणि समजुतीनं म्हणाला, "ठाऊक हे की, पुंजा."

"काय ठाऊक हे?"

"हेच. माझा बाप व्हता ना तितं. सांगायचा आम्हाला."

"आमचाबी सांगायचा," मागून कोणी म्हणालं.

"सगळ्यांला ठाऊक हे," सोपान म्हणाला. "म्हातारीला लागू नये म्हणून कोणी बोलत नाही. तूबी बोलू नको. सणाचा दिवस हे. चल, मागं सर, बाकीच्यांचे वीर खोळंबलेत."

वाजंत्री सुरू झाली. आबानं टाक बुडवला, वर काढला आणि हळदीचं पाणी हाताहातावर वाढत फिरला. लोकांनी ओंजळी पुढं केल्या. माझ्यासमोर आला तेव्हा त्यानं मलाही वाढलं. मी हात मागं घेतला, ते पाणी माझ्या पायावर सांडलं.

घरी आलो तर काकी चुलीपाशी होती. "सांगितलंस?" म्हणाली.

"सांगितलं."

"काय म्हणले?"

"ऐकून घेतलं सगळ्यांनी," मी म्हणालो. आयुष्यात तिच्याशी एवढंच खोटं बोललो.

आबा एक्क्याण्णव साली गेला. टाक आता माझ्या चुलत्याच्या घरी आहे आणि मान अजून त्यांचाच आहे. हे लिहून ठेवतोय, कारण लिहायला येतं.

ठकूबाई गेणूजी उगले पंच्याऐंशी सालच्या वैशाखात, अक्षयतृतीयेच्या दुसऱ्या दिवशी वारली. तिचा नवरा गेणूजी कोंडाजी उगले कोपरगावच्या धर्मशाळेत वारला. साल शेहेचाळीस, मार्गशीर्षातली अमावस्या.